कारणाचा रकाना

खोत क्लार्क म्हणाले, ‘घरगुती’ लिही. सगळे तेच लिहितात.
लग्न ठरलं, फी थकली, बाप वारला,
सगळं त्या एका शब्दात मावतं.
मी म्हटलं, उद्या आणून देते अर्ज.

तो उद्या अकरा दिवस
माझ्या फिजिक्सच्या जर्नलात घडी घालून पडलाय.

सहाची बॅच चुकवून रंकाळ्याच्या भिंतीवर बसते.
संध्यामठ छातीपर्यंत बुडालेला.
कोण किती पाण्यात
हे क्लासला दर सोमवारी यादी लावून सांगतात.
माझा नंबर एकशे बारा होता, मग चाळीस,
मग सव्वीस, तेव्हा पेढे वाटले घरी,
आणि त्याच रात्रीपासून मी पंख्याचे फेरे मोजायला लागले.

एका टेस्टला उत्तरांचे गोल काळे करता करता
शीट संपली, तरी मी बाकावर करत राहिले.
गोल, गोल, गोल.
रुबिनानं हात धरला माझा. नुसता धरून ठेवला.

आई शेजारी सांगते, कावीळ झालीय.
कावीळ बरी. तिला पथ्य असतं,
तिला कुणी ‘कशामुळं गं?’ विचारत नाही.
दोन बायका खरंच उसाचा रस घेऊन आल्या.
मी प्याले. गोड होता.

सीपीआरमधल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, झोप किती लागते?
दहावीनंतर पहिलं माणूस
ज्यानं मला आकडा विचारला आणि तो टक्क्यांचा नव्हता.

सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून देता येते.
सायन्स मात्र नाही, आर्ट्स घ्यावं लागेल.
म्हणजे प्रयोगशाळा गेली.
ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना
एकाएकी सगळं पाणी गुलाबी व्हायचं,
ते मला आवडायचं. खोटं कशाला सांगू?
त्या गुलाबीसाठी दोन वेळा अर्ज फाडायला घेतला होता.

रुबिना म्हणते, जा तू. बाकावर तुझ्या जागी दप्तर ठेवते मी.
कुणाला बसू देत नाही जा.
हे ऐकून जावंसं वाटतं
आणि मुळीच जावंसं वाटत नाही.

बाबा उद्यमनगरात लेथवर.
सुताची चूक नुसत्या डोळ्यांनी ओळखणारा माणूस.
काल जेवताना भाकरीचा तुकडा हातातच राहिला त्यांच्या.
म्हणाले, जॉब तापला की फीड कमी करायचं असतंय.
मी तुझं वाढवतच गेलो की गं.
मग आमटी मागितली.
आईनं वाढली. ती पातेल्यातच बघत होती.
आत्याचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

आणि भीती आहेच.
उद्या दुपारी दोन वाजता, घरात कुणी नसताना,
पुस्तक समोर आणि गल्लीत भंगारवाला ओरडतोय,
तेव्हा मी कोण असेन?
पळालेली? की थांबलेली?
बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं,
आणि गल्ली बाहेरूनच बघते.

आज बाबांनी अर्धी सुट्टी टाकली.
ऑफिसच्या खिडकीशी उभे, नखांत ऑइल,
कागदाला डाग लागू नये म्हणून हात मागे बांधून.

रकाना दीड इंचाचा. ‘घरगुती’ आरामात बसतो.
मी पेन्सिलीनं लिहून बघितलं:
मला बरं व्हायचं आहे.
शेवटचे दोन शब्द रेघेबाहेर गेले.
म्हटलं, बाबा, पेन द्या.
त्यांनी खिशाचं पेन काढलं, आधी शर्टाला पुसलं.

खोतांनी चष्मा खाली ओढला, वाचलं, पुन्हा वाचलं.
पोरी, खाडाखोड चालत नाही इथं.

नाहीच आहे, मी म्हटलं.
जागा कमी पडली.